मागच्या दारानं कापलेले केस

"केस पडले गं भुई, बोल पडले त्यांत,
झाडून घे दोन्ही बाई, उंबऱ्याच्या आत."

शेवटचं गिऱ्हाईक उठलं की बाप केरसुणी लेकीच्या हाती द्यायचा आणि आपणच जुळवलेल्या या दोन ओळी गुणगुणायचा. ती तेव्हा नऊ वर्षांची. "म्हणजे काय हो बाबा?" तिनं एकदा विचारलं होतं.

"म्हणजे असं बघ. खुर्चीत बसलेला माणूस डोळे मिटून मान आपल्या हाती देतो. मग तो भावाबद्दल बोलो की बायकोबद्दल, ते त्याच्या केसांसारखंच. गोळा करायचं नि टाकून द्यायचं. रस्त्यावर न्यायचं नाही."

बाप गेला, कात्री लेकीच्या हातात आली. इमारतीच्या तळमजल्यावर पुढे दुकान आणि मागे तिची खोली. बायाबापड्या, म्हातारेकोतारे, सगळ्यांची डोकी तिच्या हाताखालून गेलेली. तिचं खरं नाव कुणाला आठवत नव्हतं. सगळ्यांची ती कात्रीताई.

मग ती साथ आली. दुकानांची शटरं खाली आली, माणसं घरात कोंडली गेली. तिसऱ्या महिन्यात साऱ्या शहराच्या डोक्यावर रान माजलं, तेव्हा या इमारतीतून कात्रीताईला फोन यायला लागले. हळू आवाजातले, लाडीगोडीचे. "ताई, मागच्या जिन्यानं या हो. कात्री पिशवीत घाला, वर भाजी ठेवा." किराणावाल्यानं बोलावलं. शिकवणीच्या बाईंनी बोलावलं, रोज मुलांना पडद्यावर दिसायचं म्हणून. पहिल्या मजल्यावरच्या अध्यक्षसाहेबांनीही बोलावलं, आणि त्यांच्याच सहीची 'बाहेरच्या कुणालाही घरात घेऊ नये' अशी नोटीस जिन्याशी चिकटवलेली होती! ती गेली. नाही म्हणणं तिला कधी जमलंच नव्हतं.

अध्यक्षांकडे तिनं दोन डोकी केली. एक त्यांचं, एक त्यांच्या आईचं. अक्कांचे हात थरथरायचे, वेणी जमेना. "कर बाई बारीक, पोरीसारखे," म्हणत त्या खिडकीपाशी बसल्या आणि केस उतरल्यावर मानेवरून हात फिरवून खुदकन हसल्या. स्वतःचे केस कापून घेताना खोकणारे अध्यक्ष तेवढा वेळही शेजारी उभे राहून खोकतच होते. "धूळ हो, ताई. नुसती धूळ."

चौथ्या दिवशी कात्रीताईला ताप भरला.

तिला न्यायला गाडी आली तेव्हा सज्जासज्जात फोन वर झाले होते. तिनं वर पाहिलं. सगळी डोकी नीटनेटकी, कानामागची रेघ जिथल्या तिथं. एकानंही 'ताई, काळजी घ्या' म्हटलं नाही. ती गाडीत बसेपर्यंत दोघं जंतुनाशकाची फवारणी करत तिच्या पावलांमागून चालत होते, जणू ती माणूस नव्हतीच, सांडलेलं काहीतरी होती.

चौदा दिवस ती एका शाळेच्या सभागृहात खाटेवर होती. तिथं आरोग्य खात्याच्या बाई वही घेऊन आल्या. "कुणाकुणाच्या जवळ गेला होतात?" त्याच्या तासभर आधीच अध्यक्षांचा फोन येऊन गेला होता. "ताई, आमचं नाव घेऊ नका. अक्कांना या वयात उचलून नेतील हो! कुठं ठेवतील, काय करतील, कुणाला ठाऊक?" तिच्या डोळ्यांसमोर अक्कांची ती उघडी, कोवळी मान आली. ती म्हणाली, "मी घराबाहेर पडलेच नाही." बाईंनी तेवढंच लिहिलं आणि वही मिटली.

गुरुवारी ती घरी परतली. दारासमोर चुन्याची पांढरी रेघ ओढलेली होती. रेघेच्या आत ती, रेघेपलीकडे जग. आणि मागच्या मोरीत पाणी घेताना वरून खोकला ऐकू आला. बारीक, कोरडा, मध्येच अडकणारा. खोकणारी थांबली की दीर्घ श्वास ओढायची, आणि तो श्वास पुरायचा नाही. अक्का. ज्या खिडकीपाशी त्या बसल्या होत्या ती आता गच्च बंद होती. शुक्रवारी खोकला वाढला. शनिवारी तिनं फोन केला. "साहेब, अक्कांना दाखवा कुणाला तरी."

"तुम्ही तुमचं बघा," अध्यक्ष म्हणाले. फोन बंद.

रविवारी सकाळी गाड्या लावायच्या जागेत बैठक भरली. खुर्च्या लांबलांब मांडलेल्या. कात्रीताईला खुर्ची नव्हती. तिला तिच्या रेघेच्या आत उभं राहायला सांगितलं होतं.

"ठराव साधा आहे," अध्यक्ष म्हणाले. "दुकान रिकामं करावं. सगळ्यांच्या जिवाचा प्रश्न आहे. बाहेर कुणाकुणाच्या डोक्याला हात लावून आली, देव जाणे."

"आम्ही तर तिला तीन महिने पाहिलंही नाही," किराणावाला म्हणाला. मुंडी खाली, मानेवर तिच्या वस्तऱ्याची रेघ अजून ओळखू येणारी.

"बाई माणूस एकटी राहते, म्हणून आम्ही गप्प बसलो इतके दिवस," शिकवणीच्या बाई म्हणाल्या, आणि कपाळावरची बट मागे सारली. ती बट ताईनंच कापली होती, दोनदा, कारण पहिल्यांदा लांब वाटली होती.

दुकान बापाचं होतं. ती आरशाची काच, ती फिरती खुर्ची. तरी कात्रीताई मनात म्हणत राहिली, केस पडले गं भुई. तिनं दात आवळले. जाऊ दे दुकान. कात्री तर कुणी काढून घेत नाही.

तेवढ्यात फाटकातून त्याच आरोग्य खात्याच्या बाई आल्या. अंगावर निळा झगा, गळ्यात बोटाला लावायचं ते छोटं यंत्र, टोपीतून केसांच्या झिंज्या बाहेर लोंबलेल्या. "साठीच्या वरचे किती आहेत इमारतीत? प्रत्येकाचा ऑक्सिजन मोजायचाय." मग सगळ्या डोक्यांवरून त्यांची नजर फिरली. "सलूनं बंद आहेत ना हो? माझं बघा, पक्ष्यांनी घरटं बांधायचं बाकी आहे. तुमच्या इमारतीत केस वाढतच नाहीत वाटतं!"

किराणावाल्याचा हात आपसूक मानेवर गेला.

"साठीच्या वरचं कुणी नाही," अध्यक्ष घाईनं म्हणाले.

"तुमच्या आई आहेत ना? यादीत नाव आहे."

"ती बहिणीकडे गेलीय. महिना झाला."

बाईंनी पेन उचललं आणि वहीत काट मारली. नुसती एक छोटी आडवी काट. कात्रीताईला ती लांबूनही दिसली. एक जिवंत बाई वरच्या खोलीत श्वासासाठी झटत होती, आणि खाली कागदावर ती नव्हती. एवढं सोपं होतं! खोटं बोलायला यांना जराही जड गेलं नाही. आणि तिनं? त्या सभागृहात खाटेवर बसून तिनंही तेच केलं होतं. बापानं केस झाडायला सांगितलं होतं. माणूस झाडून टाकायला सांगितलं नव्हतं.

तिनं पाय उचलला आणि चुन्याची रेघ ओलांडली.

"ए, आत हो!" किराणावाला ओरडला. "आत हो आधी!"

"तुझ्या डाव्या कानामागे मस आहे," ती म्हणाली. "वस्तरा तिरका धरावा लागतो. बावीस दिवसांपूर्वी धरला होता, तुझ्याच स्वयंपाकघरात. ओरडू नकोस."

शिकवणीच्या बाईंनी पदर डोक्यावरून घेतला. ताईनं त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ती अध्यक्षांसमोर जाऊन दोन हातांवर थांबली.

"साहेब, तुमच्या डोक्यावर दोन भोवरे आहेत. कात्री उलटी चालवावी लागते. मी चालवत होते तेव्हा खोकत होतात तुम्ही. मी नव्हते खोकत."

"ताई, विचार करून बोला..." अध्यक्षांचा चेहरा पांढराफटक पडला होता. "आपलं ठरलं होतं..."

"ठरलं होतं ते अक्कांसाठी."

ती आरोग्य खात्याच्या बाईंकडे वळली. "मी तुम्हाला खोटं सांगितलं, बाई. मी या इमारतीत घरोघरी गेले होते, या तिघांच्याही. मला काय करायचं ते नंतर करा. आधी ती काट खोडा. अक्का कुठं गेल्या नाहीत. पहिल्या मजल्यावर मागच्या खोलीत आहेत, खिडकी बंद करून ठेवलीय. तीन दिवस मी त्यांचा खोकला ऐकतेय, आणि आज सकाळपासून तोही ऐकू येत नाही. ते यंत्र घेऊन वर चला. जिना मी दाखवते, मागचा."