उभं राहायचं, मागे बघायचं

घाबरू नका, मी कुणावर ओरडायला आलेले नाही. मी एक शिट्टी बोलतेय. केशरी, प्लॅस्टिकची, पोटात एक छोटी गोळी. माझ्याबरोबर साच्यातून निघालेल्या बहिणी कुणी मैदानावर गेल्या, कुणी शाळेत. माझ्या वाट्याला आला समुद्रकिनारा. मजा आहे बाई हिची, असं वाटलं असेल त्यांना!

मजा कसली? पर्यटकांच्या किनाऱ्यावर जीवरक्षकाच्या गळ्यात लटकायचं म्हणजे दिवसभर जीव टांगणीला. कुणी जरा खोल गेलं की माझ्या पोटात गोळा.

या जीवरक्षकाला सगळे दादा म्हणत. दादांचा नियम एकच. शिट्टी वाजली की आहे तिथे थांबायचं, मागे वळून त्यांच्याकडे बघायचं. मग ते हाताने खूण करणार, बाहेर या किंवा बाजूला सरका. हे सगळ्यांत आधी शिकली टिल्ली.

टिल्ली चार वर्षांची, समोरच्या हॉटेलात आईबाबांबरोबर उतरलेली. तिची आई माझ्यासारखीच, सदा धास्तावलेली.

"दादा, आज पाणी कसं आहे?"

"ओलं आहे, ताई."

"चेष्टा नको हो. हिचे बाबा म्हणतात, मी बादलीलाही घाबरते. खरंच अती करते का मी?"

"घाबरा बिनधास्त. मला तर त्याचाच पगार मिळतो."

मग ते टिल्लीकडे वळत. "शिट्टी वाजली की?"

"उभं राहायचं! मागे बघायचं!" हात अंगाला चिकटवून ती पुतळा व्हायची.

त्या सकाळी समुद्र मागे गेला. म्हणजे गेलाच. झोपलेल्याच्या अंगावरची चादर ओढावी तसा. तळ उघडा पडला, मासे तडफडू लागले. लोक मोबाइल काढून खाली धावले. टिल्लीची आई नको नको म्हणत होती. बाबा हसले, "अगं, आता तर पाणीच नाही. आता कशाला घाबरतेस?"

तिलाही ते पटलं. तिने टिल्लीचा हात सोडला. बापलेक शिंपले वेचायला गेले.

दूरवर एक पांढरी रेघ उठली. दादांनी छाती फुटेल इतक्या जोरात मला फुंकलं.

मी वाजले. इतकी खणखणीत कधीच वाजले नव्हते. आणि सगळे थांबले. झाडून सगळे. मागे वळून खुणेची वाट बघत राहिले. टिल्लीसुद्धा. हात अंगाला चिकटवून, शहाण्यासारखी, हसत.

दादांनी मला थुंकून टाकलं. "पळा! अरे, थांबू नका, पळा!" ओरडत ते तिच्याकडेच धावले.

पुढचं मला नीट सांगता येत नाही. दोरी तुटली, एवढं कळलं. दादा कुठे आहेत, माहीत नाही.

टिल्लीच्या आईला कुणीतरी हॉटेलच्या जिन्यावर ओढून घेतलं, म्हणून ती उरली. बापलेकीचा पत्ता नाही. आज त्याच जिन्याखालच्या चिखलात मी तिला सापडले. तिने मला बाहीला पुसलं, केसांतल्या पिनेने माझ्या पोटातला गाळ काढला.

"बाई, घोटभर पाणी तरी घ्या," ढिगारा उपसणारे एक काका म्हणाले.

"तिला शिट्टीचं कळतं हो, काका. वाजली की उभी राहते ती. मागे बघते."

तिने मला फुंकलं. फावडी थांबली. सगळी माणसं जागच्या जागी उभी राहिली, मागे वळून तिच्याकडे बघू लागली.

तुम्ही माझं एवढं ऐका. समुद्र असा मागे सरला तर माझी वाट बघू नका. मी वाजले तरी थांबू नका, वळू नका. उंचावर पळा.

पण हिला मी काय सांगू?

"एकदा वाजून ऐकू गेलं नसेल तिला," ती म्हणते, आणि पुन्हा छातीत श्वास भरून घेते.