एका ॲक्सलचं भांडण

ट्रॉलीच्या चाकांना एक ॲक्सल घालायचा की दोन, यावरून शेजारच्या घरात तीन दिवस भांडण चाललं होतं, आणि तिन्ही दिवस मी तिथं हजर होतो. बोलावलं कुणी नव्हतं. पण आमच्या दोन रानांमध्ये एकच बांध आहे. पलीकडे आवाज चढला की माझ्या हातातलं काम आपोआप थांबतं.

भांडण सासऱ्यांचं आणि सुनेचं. सासऱ्यांना सगळं गाव अंदाजेकाका म्हणतं. कारण माणसाने आयुष्यात कधी फूटपट्टी हातात धरली नाही. धान्याच्या ढिगाकडे एक डोळा बारीक करून बघायचे आणि सांगायचे, "अंदाजे बावीस पोती." भरून बघितली की बावीसच भरायची, फार तर तेविसावं अर्धं. विहिरीत खडा टाकून पाण्याची खोली सांगायचे. म्हशीच्या चालण्यावरून दूध सांगायचे. त्यामुळे त्यांच्या अंदाजाला गावात मान होता, आणि त्यांच्या स्वतःच्या मनात तर जरा जास्तच होता.

सून, म्हणजे माझी वहिनी, त्यांच्या नेमकी उलट. चहात साखर घालतानासुद्धा चमचा काठावर घासून सपाट करणारी. लग्न होऊन आली तेव्हा ट्रॅक्टरवर चढायला लाजायची, आता खाली उतरायला तयार नसते.

भांडणाचं कारण अंगणात खाटेवर पडलेलं होतं. काकांचा मुलगा, माझा लहानपणापासूनचा मित्र, उजवा पाय मांडीपर्यंत प्लास्टरमध्ये. झालं होतं असं की, गावाच्या तलावाचा दरवाजा दुरुस्त करायला पाणी सोडून दिलं होतं, आणि तळाचा काळा गाळ ज्याला हवा त्याने न्यावा असं ठरलं होतं. काकांची वरच्या अंगाची चार एकर जमीन म्हणजे नुसती खडी. नांगर घातला की ठिणग्या उडायच्या. तिच्यावर तीन बोटं गाळ पसरला तर शेत होणार होतं, नाहीतर माळ तो माळच. मुदत वीस दिवसांची. त्यानंतर दरवाजा बंद होणार आणि पाणी भरणार.

पहिल्याच दिवशी, तिसऱ्या खेपेला, बांधाच्या चढावर जुन्या डंपिंग ट्रॉलीचा ॲक्सल काडीसारखा मोडला. ट्रॉली एका अंगावर कलंडली. ट्रॅक्टर काका चालवत होते, मुलगा शेजारी मडगार्डवर बसला होता. त्याने घाबरून उडी मारली. ट्रॉली त्याच्यापासून चांगली दहा हात लांब पडली, पण हा उडी मारून पडला तो नेमका एकुलत्या एका दगडावर.

"दहा हात नाही, पाच," मित्र खाटेवरून म्हणायचा.

"तुम्ही गप्प पडा," वहिनी म्हणायची. "उडी मारायच्या आधी मोजायचं होतं."

तर आता ट्रॉलीला खालून नवं बांधकाम करायचं होतं. हौदा शाबूत होता, तो उचलणारा जॅक शाबूत होता, ॲक्सल आणि टायर मात्र नवे हवे होते. काकांचं म्हणणं, होता तसाच एक ॲक्सल, जरा जाड, आणि ट्रकचे दोन टायर. वहिनीचं म्हणणं, दोन ॲक्सल आणि चार रुंद टायर.

"चार चाकं कशाला?" काका म्हणाले. "ट्रॉली आहे का पलंग?"

"एकावर भार पेलला नाही, हे दिसलंच की, मामा."

"तो जुना होता. गंजला होता. माल काही जास्त नव्हता. अंदाजे चार टन."

"अंदाजे," वहिनी म्हणाली.

एवढा एकच शब्द. पण तो तिने अशा काही सुरात म्हटला की खाटेवर माझ्या मित्राला खोकला आला, आणि मी बांधावरून खाली बघत ढेकूळ फोडायला लागलो.

शेवटी आम्ही तिघं वेल्डरकडे गेलो. हा वेल्डर म्हणजे एक वेगळंच प्रकरण. त्याला काहीही विचारा, उत्तराऐवजी प्रश्न येतो. बायकोने जेवायला हाक मारली तरी "कोण कोण बसलंय?" असं विचारून मगच उठणारा.

काकांनी विचारलं, "एक ॲक्सल चालेल का दोन लागतील?"

चष्मा कपाळावर ढकलून वेल्डर म्हणाला, "वजन किती?"

"चार टन."

"मालाचं का ट्रॉलीसकट?"

"मालाचं."

"ओल्या गाळाचं का सुक्या?"

"ओल्याच. म्हणजे... ओलसर."

"काट्यावर चढवलंय का कधी?"

काकांचा चेहरा असा झाला, जणू त्यांना कुणी बाराखडी म्हणून दाखवायला सांगितली. "चाळीस वर्षं माल भरतोय मी."

"म्हणजे नाही," वेल्डरने चष्मा खाली ओढला आणि दुसऱ्या कामाला लागला. पाठमोराच म्हणाला, "हौदा उचलला की ट्रॅक्टरच्या हुकावरचा भारही मागं ॲक्सलवर येतो. वजन कळल्याशिवाय मी टाका मारत नाही. पुन्हा मोडला तर नाव माझं जाणार, तुमच्या डोळ्याचं नाही."

आता ट्रॉली कुणाची भरायची? माझी. ती तंतोतंत त्यांच्याच मापाची आहे, दोन्ही एकाच वेळी बनवलेल्या. मी भीत भीत दिली. तलावात उतरून जेसीबीने त्या दिवशीसारखीच काठोकाठ भरली, वर काकांनी सवयीने चार फावडी जास्तच घातली, आणि वाटेत एकही चढ नाही अशा रस्त्याने, बैलगाडीच्या वेगाने, वजनकाट्यावर नेली. ट्रॅक्टर वहिनीने चालवला. काका मागून सायकलवर, ट्रॉलीच्या चाकांकडे बघत.

ट्रॉली सोडवून एकटी काट्यावर उभी केली. काटेवाला खिडकीतून म्हणाला, "आठ टन वीस किलो."

"ट्रॉलीसकट," काका लगेच म्हणाले.

"रिकामी किती?" वहिनीने विचारलं. मला ठाऊक होतं. एक टन आठशे. मागे एकदा भंगारात घालायचा विचार केला होता तेव्हा तोलली होती.

वहिनीने बोटांवर मोजलं नाही, कागद घेतला नाही. काकांनीच मनात वजाबाकी केली, आणि ती झालेली त्यांच्या चेहऱ्यावर दिसली. सहा टनांच्या वर.

"काटा बिघडलाय," काका म्हणाले.

काटेवाल्याला हे रोजचंच असावं. त्याने कोपऱ्यातली तपासणीची वजनं दाखवली, प्रत्येकी वीस किलोची. काकांनी ट्रॉली बाजूला काढायला लावली. एकेक करून पन्नास वजनं स्वतः उचलून काट्यावर मांडली. मला हात लावू दिला नाही. घाम पुसून खिडकीशी गेले. एक टन. ना किलो जास्त, ना किलो कमी.

मग काका काट्याच्या खोलीच्या पायरीवर बसले. मला वाटलं, दमले. मी पाणी आणायला निघालो, तर ते वहिनीला म्हणाले, "म्हणजे त्या दिवशीही एवढंच होतं."

वहिनी ट्रॅक्टरवरून खाली उतरली.

"ओला माल जड असतो हे मला कळायला हवं होतं. धान्य कळतं मला, गवत कळतं. गाळ आयुष्यात पहिल्यांदा भरला, आणि तोंडाने चार टन म्हणून मोकळा झालो. तो मडगार्डवर बसला होता गं. इकडच्या अंगाला कलंडली असती तर?"

त्यांचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता. माणूस एकदम लहान दिसायला लागला. मला वाटलं, आता वहिनी बोलणार. तीन दिवसांचं सगळं बोलणं तिच्याजवळ साठलेलं होतं, आणि जागाही अगदी मोक्याची होती.

ती त्यांच्या शेजारी पायरीवर बसली. म्हणाली, "कलंडली नाही ना. आणि मामा, उडी काही तुम्ही मारायला सांगितली नव्हती. तो शहाणपणा त्यांचा स्वतःचा." मग त्यांच्या दंडाला धरून, "उठा. टायर बघायचेत अजून. तिथं भांडायला अंगात जोर ठेवा."

आणि खरंच, टायरांच्या दुकानात काका पुन्हा मूळपदावर आले. त्यांना एका कोपऱ्यात ट्रकचे चार टायर दिसले, काळेभोर, चकचकीत. "हे बघ! नक्षी कशी खोल आहे!"

वहिनीने वाकून टायरच्या बाजूला फडका मारला. तिथे चार आकडे कोरलेले होते. "शेवटचे दोन आकडे म्हणजे साल, मामा. हे टायर माझ्या लग्नाच्या आधीचे आहेत. वरून नवीन रबर चढवलंय फक्त."

"लग्नाआधीचं म्हणजे वाईटच, असं कुठंय?"

"रंग लावून उभं केलेलं असेल तर वाईटच."

दुकानदार छताकडे बघायला लागला.

तरी काकांना अरुंद टायरच हवे होते. रस्त्यावर हलके पळतात म्हणून. वहिनीने वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी तलावाच्या काठाशी, जिथे गाळ अजून मऊ होता, तिथे त्यांना घेऊन गेली. म्हणाली, "टाचेवर उभे राहा." काका टाचेवर उभे राहिले आणि घोट्यापर्यंत आत गेले. मग तिने एक फळी टाकली. "आता हिच्यावर." फळी जेमतेम बोटभर दबली. दोन्ही पाय घोट्यापर्यंत चिखलाने माखलेले, अशा अवस्थेत फळीवर उभे राहून काका बराच वेळ तलावाकडे बघत राहिले.

"रुंदच घे," ते म्हणाले. "पण मला आधी वर काढ."

आता सगळं वहिनीच्या मनासारखं झालं, असं मी समजून चाललो होतो. वेल्डरने दोन ॲक्सल काढले, प्रत्येकी पाच टनांचे. दोन्हींच्या मधे तराजूच्या दांडीसारखी जाड पट्टी, म्हणजे एक चाक खड्ड्यात गेलं तरी दुसरं उचलून धरणार आणि भार वाटला जाणार. खडूने जमिनीवर खुणा केल्या. वहिनीने टेप लावून तपासल्या. आणि तेवढ्यात काका म्हणाले, "ही फाटकातून वळणार नाही."

"वळेल की. रुंदी मोजलीय मी."

"रुंदी नाही म्हणत मी. वळताना चार चाकं सरळच राहायला बघतात. आपल्या फाटकाशी काटकोनात वळायचंय. मागची जोडी फरपटत येणार, नवे टायर घासणार आणि कोपऱ्याचा दगडी खांब घेऊन जाणार. ॲक्सल एवढे लांब लांब ठेवू नका. टायरमध्ये चार बोटं जागा राहील इतकेच जवळ आणा. आणि फाटकाचा डावा खांब दोन हात मागे घ्यावा लागेल. दोन हात आणि एक वीत."

वेल्डर प्रथमच विचारात पडला. आम्ही चौघांनी फाटकाशी जाऊन दोरी ताणली, काठ्या रोवल्या, ट्रॅक्टर तीनदा पुढेमागे केला. वहिनीने टेप धरला. दोन हात आणि एक वीत, वर दोन बोटं.

"दोन बोटं चुकलात, मामा," ती म्हणाली. पण म्हणताना हसत होती, आणि टेप गुंडाळून पहार तिनेच उचलली.

मुदतीचे नऊ दिवस उरले असताना ट्रॉली तयार झाली. पहिली खेप भरली तेव्हा माझा मित्र खाटेसकट स्वतःला उचलवून घेऊन बांधापर्यंत आला होता. तोच चढ. वहिनी ट्रॅक्टरवर, काका पायी, ट्रॉलीच्या बाजूने. मडगार्डवर कुणालाही बसायला बंदी होती. तो नियम काकांनी स्वतः केला होता आणि तो मोडणारा आजवर मी एकटाच. त्याबद्दल काय ऐकून घेतलं ते सांगत नाही. ट्रॉली चढावर आली. पुढची चाकं दगडावर चढली, मागची खाली राहिली, मधली पट्टी झुलली, आणि सगळा डोलारा म्हशीसारखा शांतपणे वर निघून गेला. माळावर जाऊन हौदा उचलला. गाळ आधी चिकटून बसला, मग एकदम धप्पकन सुटला. ट्रॉली हलली नाही. मित्राने खाटेवरून टाळ्या वाजवल्या आणि लगेच पाय दुखला म्हणून ओरडला.

नऊ दिवसांत एकशे साठ खेपा झाल्या. मधे माझी ट्रॉली एकदा मऊ गाळात बुडाली, तेव्हा वहिनीने ती ओढून काढली. एका शब्दाने बोलली नाही, ते मला जास्त लागलं. शेवटच्या दिवशी तलावाचा दरवाजा लावला तेव्हा चार एकरांपैकी सव्वातीन एकर काळे झाले होते. उरलेल्या पाऊण एकरात अजून ठिणग्या निघतात. त्याला इलाज नव्हता.

त्या संध्याकाळी गाळ दाताळ्याने सपाट करून झाल्यावर काकांनी चपला काढल्या. त्या रानात ते कधी अनवाणी गेले नव्हते. कुणीच जात नसे. आधी जपून, मग सावकाश, मग हात मागे बांधून ते या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेले आणि परत आले. वहिनी फाळाला तेल लावत होती. मी बांधावर होतो, अर्थातच.

मधेच काका थांबले. एक पाय उचलून चाचपला, वाकले, मातीतून काहीतरी काढलं, आणि येऊन वहिनीच्या तळहातावर ठेवलं. बोराएवढा खडा.

"एवढा एक राहिला बघ तुझा," ते म्हणाले.

वहिनीने खडा उलटसुलट करून बघितला. "राहिला नाही, मामा, ठेवलाय. तुम्हाला बोलायला काहीतरी नको का?"

काकांनी तो परत घेतला, जोरात भिरकावला, आणि पुन्हा चालायला लागले. खडा माझ्या रानात येऊन पडला.