कॉम्प्युटरातलं उभं धान

सातव्या किल्ल्याबद्दल मी सतरा वर्षं खोटं बोललो, हे आधीच सांगून टाकतो. बाकी या गोष्टीत जे आहे ते खरं आहे, निदान माझ्याकडून जितकं होतं तितकं.

मी दुधराम. आमगावपासून सायकलीनं अर्ध्या तासावर आमचं गाव. घरची धानाची शेती आता मुलगा उमेंद्र पाहतो आणि मी समोरच्या खोलीत खिडकीखाली ठेवलेला कॉम्प्युटर पाहतो. एका राईस मिलनं नवा घेतला तेव्हा हा जुना म्हणून बाहेर काढला होता. म्हणजे माझ्याकडे आला तेव्हाच तो म्हातारा होता, आता आम्ही दोघं एका वयाचे दिसतो. त्याच्या पोटातला पंखा मात्र अजून जवान आहे. एका वर्षी खळ्यावर वाराच पडला, तेव्हा मी त्याच्यासमोर दोन पोती धान उफणून घेतलं. कोंडा उडून शेजाऱ्याच्या अंगणात पडला म्हणून तो भांडायलाही आला होता.

कॉम्प्युटरसोबत एक सीडी आली. तिच्यावरचा कागद सोलून गेलेला, त्यामुळे गेमचं नाव मला आजही माहीत नाही. आम्ही त्याला राजाचा गेम म्हणतो. राजा आपण. आपल्याकडे चार झोपड्या, सहा माणसं आणि एक नदी. शेती करायची, लाकूड तोडायचं, शिपाई तयार करायचे आणि काळ्या दाढीच्या दुसऱ्या राजाचे सात किल्ले एकामागून एक घ्यायचे. हा गेम उघडायला इतका वेळ लागायचा की मी बटन दाबून बोदलकशाच्या तलावावर मासे आणायला जायचो. परत येऊन, मासे साफ करून, जेवून बसलो की मग राजाचा चेहरा दिसायचा, तोही नाकापर्यंत.

नात खुशी नागपूरला नोकरी करते. ती म्हणते, आबाजी, मोबाइलवर किती छान गेम आहेत, घ्या ना. घेऊन पाहिला. तो रोज सकाळी हाक मारतो, या, आजचं बक्षीस घेऊन जा. एक दिवस गेलो नाही तर नव्या जावयासारखा रुसतो. वर नेट मागतो, नवं रूप घ्या म्हणून मागं लागतो. जुना गेम असा नसतो. पोळ्याला बंद करा, दिवाळीला उघडा, शिपाई जिथं उभे केले तिथंच उभे असतात, एकाचाही पाय अवघडलेला नसतो. एकेक माणूस म्हणजे नुसते चार ठिपके, पण इतक्या वर्षांत मी त्यांना चालीवरून ओळखतो. एकाचं नाव मी इंद्रकुमार ठेवलं आहे. त्याला कामाला पाठवलं की तो झाडामागं जाऊन उभा राहतो.

तर या गेमचे सहा किल्ले मी घेतले. सातवा नदीच्या काठी, जाड भिंतीचा. तो घ्यायला शिपाई भरपूर लागतात आणि शिपाई करायचे तर शेतातली माणसं काढावी लागतात. आता तुम्हीच सांगा, रोवणी चालू असताना पाणी भरलेल्या बांधीतून माणूस कोण काढतं? रोवणी झाली की निंदण, निंदण झालं की कापणी. लढाईला मोकळा महिना असा मला कधी सापडलाच नाही. हाती लाकूड-दगड आलं की लोक भिंती बांधतात, मी नदीच्या वरच्या अंगाला तलाव बांधत बसलो. गेम बनवणाऱ्यांनी माझं राज्य पाहिलं असतं तर कपाळावर हात मारून घेतला असता.

पण दिवाळीनंतर आमच्याकडे मंडई, म्हणजे गावची जत्रा, असते. ज्या गावची मंडई, त्या गावात सगळ्यांचे पाहुणे येतात, आणि पाहुण्यांसमोर मी काय तलावाच्या गोष्टी सांगणार? पहिल्या वर्षी मी म्हणालो, सातवा किल्ला तीन दिवसांत घेतला. पुढच्या वर्षी काळ्या दाढीवाला माझ्या पाया पडला. मागच्या वर्षापर्यंत गोष्ट अशी वाढली की तो लुगडं नेसून मागच्या दारानं निघाला आणि दाढीमुळे सापडला.

यंदा माझ्या बायकोनं, शकुंतलाबाईनं, घरघंटी घ्यायची ठरवली. गिरणीत दळणाचे डबे घेऊन बसायचा तिला कंटाळा आला होता. घरघंटीला जागा एकच, खिडकीखालची.

"अजी, तुमचा डब्बा कवा उचलता?"

"डब्बा नाही तो. सात किल्ले आहेत त्यात."

"सातवा घेतला म्हनता ना. मंग काम झालं. आता कायले ठेवाचा?"

आपलंच खोटं असं दारात येऊन उभं राहिलं की माणूस त्यावर दुसरं खोटं टाकतो. मी म्हणालो, पाहुण्यांना एकदा पुन्हा घेऊन दाखवायचा आहे.

"दाखवा ना. मंडईच्या दिवशी सगळ्यांच्या समोर दाखवा. किल्ला पडला त डब्बा राहीन. नाही पडला त मुन्ना भंगारवाला मंडईत येतेच, त्याच्या गाडीवर जाईन."

उमेंद्रनं आईच्या बाजूनं मान हलवली. तो जेवताना नेहमी तिच्याच बाजूचा असतो.

माझ्या हातात आठ दिवस होते. शिपाई मोजले तर अकरा, त्यातला एक इंद्रकुमार. यांना घेऊन किल्ला घेणं म्हणजे चमच्यानं तलाव उपसणं. चार दिवस जेवण गोड लागलं नाही. पाचव्या दिवशी दात घासताना डोक्यात उजेड पडला. तलाव. सतरा वर्षं मी जे पाणी अडवून ठेवलं होतं ते सुटलं तर कुठं जाईल? उतार सरळ किल्ल्याकडे. आमच्याकडे दगड फेकायचं एक मोठं लाकडी यंत्र होतं, मी त्याला गोफण म्हणतो. शत्रूच्या भिंतीवर मारायची गोफण उलटी फिरवून आपल्याच तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, मारायची, की झालं.

खुशी मंडईसाठी सुटीवर आली होती. तिला दाखवलं. ती म्हणाली, "आबाजी, हे तर भारी आहे. असं कोणीच केलं नसेल."

"पाण्यासाठी भांडण्यात ज्याचा जन्म गेला नाही त्याला कसं सुचेल," मी म्हणालो आणि त्या दिवशी दोनदा जेवलो.

मंडईच्या दिवशी दुपारी आमची खोली पाहुण्यांनी भरली. तिरोड्याकडून शकुंतलाबाईचा भाऊ चुन्नीलाल आणि त्याची बायको सुमित्राबाई आले होते. शेजारपाजारचे होते. दारात मुन्ना भंगारवाला वजनाचा काटा खांद्यावर टाकून उभा होता आणि हातातल्या बशीतला चिवडा खात होता.

"भाऊजी," चुन्नीलाल म्हणाला, "मांगच्या वर्षी राजा लुगडं नेसून निंगाला होता. आज काय नेसून येते?"

"आज पोहत येईन."

"काका, वायर निकाल के रखूं क्या?" मुन्नानं विचारलं.

"तू चिवडा खा," मी म्हणालो.

मी गोफण पाळीसमोर आणली. सगळ्यांना समजावून सांगितलं, हा तलाव, हा खाली किल्ला, आता दगड बसला की पाळ फुटणार आणि काळी दाढी वाहून जाणार. लोक पुढं सरकले. कोणाचं तरी लेकरू माझ्या पाठीवर चढलं. मी बटनावर बोट ठेवलं.

"थांबा जी," सुमित्राबाई म्हणाली. "तलाव आन किल्ल्याच्या मंधात हे पिवळं पिवळं काय आहे?"

मी पाहिलं. खरं सांगतो, तीन-चार दिवस मी पाळ पाहिली, उतार पाहिला, गोफण पाहिली. तिकडे लक्षच गेलं नव्हतं.

"धान आहे," मी म्हणालो.

"कापाले आलं?"

"आलं."

मुन्नाचा चिवडा चावण्याचा आवाज तेवढा येत होता.

शकुंतलाबाई दारातून आत आली. "उभ्या धानात पानी सोडून राहिले तुमी?"

"अवो, कॉम्प्युटरातलं आहे ते."

"कुठचंही असो. लावलं कोनं?"

"मीच."

"मंग?"

"भाऊजी," चुन्नीलाल म्हणाला, आणि आता त्याच्या आवाजात मस्करी नव्हती, "आमच्या गावात कोनी असं केलं असतं त त्याच्या घरचं पानी पेलो नसतो आमी."

खुशी समजावू लागली. "आजी, ते खरं नाही ना. आणि धान पण नाही, तो गहू आहे. परदेशी गेम आहे हा."

"मले शिकवू नोको," शकुंतलाबाई म्हणाली. "गव्हाची लोंबी अशी वाकते का? भरलेलं धान आहे."

"हां, धानच है," मुन्ना दारातून म्हणाला.

आता माझी गोष्ट अशी होती. बोट दाबलं तर किल्ला पडतो, कॉम्प्युटर राहतो आणि सतरा वर्षांचं खोटं एका दमात खरं होतं. नाही दाबलं तर मुन्नाची गाडी अंगणात उभीच होती. दाबायला किती जोर लागतो? माशी मारायला लागतो त्याहून कमी. मी दाबतो म्हणून ठरवलं, दोनदा ठरवलं. पण ते धान मी एकेक बांधी करून लावलं होतं, इंद्रकुमारला झाडामागून शंभरदा ओढून आणून लावलं होतं. लोंब्या खरंच वाकल्या होत्या. बोट बटनावरून आपोआप उठलं आणि मी ते खिशात घालून ठेवलं.

"किल्ला मी कधीच घेतला नाही," मी म्हणालो. "लुगडं वगैरे काही नाही. मुन्ना, घेऊन जा बापा."

चुन्नीलालला हसायची इतकी चांगली संधी सतरा वर्षांत मिळाली नव्हती. पण तो हसला नाही. त्याचे डोळे पडद्यावरच होते. मुन्ना बशी ठेवून पुढं आला आणि वायरीला हात घातला.

"कुठी नेते?" शकुंतलाबाई म्हणाली. "धान अंदर आहे ना."

"चाची, आपनेच तो बोला था."

"बोलली होती. पन पिकलेलं धान टाकून कोनी घर सोडते का? आधी कापनी होऊ दे." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "सरका."

सतरा वर्षांत ती त्या खुर्चीवर पहिल्यांदा बसली. माऊस तिनं धरला नाही, तो माझ्याच हातात ठेवला, पण राज्य त्या मिनिटापासून तिचं झालं. खालच्या बांध्या आधी कापा, तिथं ओल आहे. इतके शिपाई कायले उभे आहेत, त्यांनाही विळे द्या. झाडामागं कोण आहे तो, त्याला बोलवा. मी म्हणालो, तो इंद्रकुमार, तो येत नाही. ती म्हणाली, दोनदा बोलवा. दोनदा बोलावलं आणि खोटं वाटेल, पण तो आला. सुमित्राबाईनं कापलेलं धान कुठं रचायचं ते सांगितलं. चुन्नीलालला ते पटलं नाही, तेव्हा नवरा-बायकोचं त्यावरून भांडण झालं. मुन्ना काटा खाली ठेवून म्हणाला, "काका, गंजी नदी से दूर रखो, उधर भीग जाएगा." बाहेर मंडईत दंडारीचा नाच-खेळ सुरू झाला होता, त्याचा ढोल ऐकू येत होता, पण खोलीतून कोणी हललं नाही.

दिवस मावळायला आला तेव्हा शेवटची बांधी रिकामी झाली. सगळ्यांनी असा श्वास सोडला की जणू कंबर त्यांचीच मोडली होती. मी हळूच गोफणीकडे माऊस नेला.

"आता शेत मोकळं आहे," मी म्हणालो. "आता फोडू पाळ?"

"भरला तलाव फोडता?" शकुंतलाबाई म्हणाली. "एवढ्या पान्यात उन्हाळी धान होते ना."

चुन्नीलालनं मान डोलावली. सुमित्राबाईनंही डोलावली. ते दोघं दिवसभरात पहिल्यांदा एका बाजूला आले. मुन्नानं काटा उचलला आणि मला म्हणाला की तो उन्हाळीच्या कापणीनंतर चक्कर मारेल, घाई नाही.

घरघंटी आली. ती माझ्या खाटेच्या जागी बसली आणि माझी खाट ओसरीत गेली. कॉम्प्युटर खिडकीखालीच आहे. दुपारचं जेवण झालं की शकुंतलाबाई खुर्चीवर येऊन बसते, मी शेजारच्या स्टुलावर. किल्लाही उभा आहे. मी तो कधीही घेऊ शकतो, हे आता सगळ्यांना माहीत आहे, म्हणून घ्यायची गरज राहिलेली नाही.

परवा रोवणीला माणसं कमी पडली. शकुंतलाबाईनं बराच वेळ नदीपलीकडे पाहिलं. तिथं काळ्या दाढीचे शिपाई भिंतीवर रिकामे उभे होते.

"त्या राजाकडचे चार जन नाही आनता येत का?"

"अवो, तो शत्रू आहे आपला."

"असन. पन त्याची रोवनी झाली दिसते. बलावलं त कायले नाही येनार?"

तेव्हापासून मी ते बटन शोधतो आहे.