मास्तरांची मुकी गाडी

मास्तर एका जागी दोन मिनिटं बसतील तर शपथ. गॅरेजात आल्यापासून त्यांच्या येरझाऱ्या चालू होत्या. त्यांची लाल, बुटकी, दोन दारांची गाडी लिफ्टवर चढली होती आणि आत कुणाचं ऑपरेशन चालू असावं तसे मास्तर तिच्याभोवती फिरत होते.

"गाडी मुकी झालीय," त्यांनी मेकॅनिकला पुन्हा ऐकवलं. "स्टिअरिंगवर काही कळतच नाही. रस्ता आहे का गादी! सगळे बुश काढ आणि कडक टाक."

बुश म्हणजे चाकाचे लोखंडी दांडे गाडीला जिथे जोडलेले असतात तिथला जाडजूड रबरी तुकडा. मऊ असला की खड्डे गिळतो, कडक असला की रस्त्यातला खडान्‌खडा हातापर्यंत आणून पोचवतो. मास्तरांना खडान्‌खडा हवा होता. जन्मभर त्यांनी ड्रायव्हिंग स्कूल चालवलं, अर्ध्या गावाला गाडी शिकवली आणि प्रत्येकाच्या कानीकपाळी एकच ओरडले, गाडी हातांनी ऐकायची. स्कूल बंद केलं तेव्हा बाकीच्या गाड्या विकल्या, ही एवढी ठेवली. हीसुद्धा सुटली तर उरलं काय? पेपर तरी माणूस किती वेळ वाचणार?

टायर बदलून झाले होते, स्टिअरिंगचं कव्हर बदलून झालं होतं, तरी गाडी तोंड उघडेना. बायको साखर तपासून घ्या म्हणून मागे लागली होती. "अगं, बिघाड गाडीत आहे, माझ्यात नाही," असं म्हणून ते तिला उडवून लावायचे. शर्टाची बटणं हल्ली तीच लावून द्यायची. ते लाड आहेत, अशी मास्तरांनी स्वतःची समजूत घालून घेतली होती. पण मनात पाल चुकचुकायचीच, म्हणून तर पायाला ही भिंगरी.

मेकॅनिकनं पहार घालून एकेक दांडा हलवून पाहिला. "मास्तर, बुश ठणठणीत आहेत. अजून दोन वर्षं बघायला नको."

"तुला जास्त कळतं का मला?"

"तुम्हीच शिकवलंय," मेकॅनिक पुटपुटला.

टायरांच्या ढिगावर बसलेली बायको उठली, मधेच पडलेली एक चप्पल उचलून मास्तरांच्या पायाशी ठेवली. "अहो, तेलात अनवाणी फिरताय."

मास्तरांनी खाली पाहिलं. डावा पाय घोट्यापर्यंत काळा झाला होता. चप्पल कधी निसटली, देव जाणे. "पट्टा सैल झालाय," ते खेकसले आणि पुन्हा चालू लागले.

मेकॅनिकनं कपाटातून दोन बुश आणून त्यांच्या हातांवर ठेवले. दोन्ही काळे, एकाच मापाचे. "एक साधा, मऊ रबराचा. दुसरा शर्यतवाले टाकतात तसला कडक. अंगठ्यानं दाबून बघा आणि सांगा. फक्त कडक टाकले तर वहिनींची कंबर कामातून जाईल, नंतर मला बोल लावू नका."

मास्तरांनी डोळे मिटले. ही त्यांची जुनी ऐट. एक दाबला, दुसरा दाबला, पुन्हा पहिला. मग उजवा हात पुढे केला. "हा. हाच कडक. हेच टाक."

मेकॅनिक स्वच्छ हात फडक्याला पुसत राहिला. बायकोनं तो बुश घेतला आणि दाबला. रबर मुकाट्यानं आत गेलं.

"अहो," ती म्हणाली. तिनं तो त्यांच्यापुढे धरला.

मास्तरांनी बुश हिसकावून घेतला आणि दात-ओठ खाऊन दाबला. स्वतःचा अंगठा रबरात रुतताना त्यांना दिसत होता. अंगठ्याला त्याचा पत्ताच नव्हता. मास्तर घाबरले, इतके की चिडायचंसुद्धा विसरले.

"राहू दे," ते म्हणाले. "जुनेच राहू देत. खाली घे गाडी."

गाडी खाली आली. किल्ली घेऊन मास्तर दाराशी उभे राहिले. हात तयार नाही म्हणून किती जणांना त्यांनी परीक्षेला बसू दिलं नव्हतं. काही तर रडायचे. मास्तरांना तेव्हा कधी दया आली नव्हती.

त्यांनी किल्ली बायकोपुढे धरली. गाडी चालवायला तिला त्यांनीच शिकवलं होतं, पण या गाडीला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही, हा घरातला कायदा होता.

"मी?"

"मग काय, मेकॅनिकला घरी नेऊ?"

फाटकातच गाडी आचका देऊन बंद पडली. "क्लच हळू सोड," ते सवयीनं म्हणाले. रस्ता उखडलेला होता. शेजारच्या सीटवर मास्तरांच्या पाठीला, कमरेला एकेक खडा लागत होता. गाडी घडाघडा बोलत होती. त्यांनी दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि बराच वेळ त्यांच्याकडे बघत बसले.

कोपऱ्यावर बायकोनं घराच्या बाजूचा इंडिकेटर दिला.

"तिकडे नको. डॉक्टरांकडे घे."

तिनं इंडिकेटर बदलला.

"आणि स्टिअरिंग एवढं आवळू नकोस," मास्तर म्हणाले. "हलकं धर. ती काय म्हणतेय, ते मला सांगत राहा."