आपटून पाहिलेलं हेल्मेट

सोमवारी सकाळी आईला मोटारसायकलवरून टेकडीवरच्या केंद्रापर्यंत जाऊन परत यायचं होतं, आणि शनिवारी दुपारपर्यंत तिच्याकडे जॅकेट नव्हतं, हेल्मेट नव्हतं. होती ती फक्त मुलीची मतं.

आई हवामान कचेरीत होती. टेकड्यांवर, माळावर, तलावाच्या काठी ठेवलेली पर्जन्यमापकं आणि तापमापकं तपासायची, साफ करायची, बिघडलेली बदलायची, हे तिचं काम. त्यासाठी आजवर जीप मिळत असे, चालकासकट. नव्या साहेबांनी जीप बंद केली आणि तिच्या जागी एक मोटारसायकल आणून उभी केली. चालवता येईल तो फिरतीवर, बाकीचे टेबलावर. आईनं लग्नाआधी मोटारसायकल चालवली होती. "टेबलावर बसवलं तर मला बुरशी येईल," असं म्हणून तिनं हात वर केला. साहेबांनी तिच्या पिकलेल्या केसांकडे पाहिलं आणि सोमवार ठरवला. सोमवारी जमलं तर फिरती तिची. नाही तर टेबल.

मुलगी भौतिकशास्त्राची पदवी घेऊन नुकतीच घरी परतली होती. बाबा तिला मोजपट्टी म्हणत, कारण ती चहासुद्धा डोळ्यांच्या पातळीवर कप धरून ओतायची. आईनं हात वर केल्याचं कळलं तेव्हापासून तिला चैन पडत नव्हतं. ती रात्रंदिवस फोनवर जॅकेटं बघत होती. एक आवडलं की त्यातली खोट सापडायची, आणि खोट सापडली की पुन्हा पहिल्यापासून.

"कातड्याचं नको," ती जेवताना म्हणाली. "उन्हात भाजशील, आणि भिजलं की वाळत नाही."

"बरं."

"जाडं, आत पाणी अडवणारं अस्तर शिवलेलं, तेही नको. पाऊस आतल्या अस्तरापाशी थांबतो, पण बाहेरचं कापड पाणी पिऊन बसतं. मग दिवसभर ओलं घोंगडं अंगावर."

"मग काय घालू, अंगाला तेल लावून जाऊ?" आई म्हणाली.

"जाळीचं जॅकेट. कोपर, खांदे आणि पाठीला कडक पॅड असलेलं. थंडीत आत काढता-घालता येणारं अस्तर, आणि पावसात वरून वेगळा रेनकोट. तीन ऋतूंना तीन जॅकेटं घेण्यापेक्षा एकच, थर बदलून."

"कांद्यासारखं," बाबा म्हणाले. "एवढ्या वेळात मी दुकानात जाऊन, घेऊन, घालून, फाडूनही परत आलो असतो."

दुकानात ती आणखीच अस्वस्थ झाली. जॅकेटांच्या रांगेत ती पुढे-मागे करत राहिली. दुकानदार पाठीचे पॅड काढून दाखवायला कंटाळला. बऱ्याच जॅकेटांच्या पाठीत पॅड म्हणून नुसता स्पंजाचा तुकडा निघत होता, आणि तो ती बोटांनी दाबून बघत होती. आई मात्र एक राखाडी जॅकेट घालून आरशासमोर हँडल धरल्यासारखे हात पुढे करून उभी राहिली होती.

"बाही मनगटावर राहते आहे," ती म्हणाली. "हेच घेऊ."

"पण चेन—"

"चेन लागते आहे. हेच."

हेल्मेटला जास्त वेळ गेला. मुलीनं आईच्या डोक्यावर एकेक चढवून ते डावी-उजवीकडे हलवून पाहिलं. गालांची कातडी हेल्मेटबरोबर सरकली तर बरोबर, नुसतं हेल्मेटच फिरलं तर सैल. आईचे गाल फुगून पुढे आलेले बघून दुकानदाराला हसू आवरेना. शेवटी एक ठरलं. पूर्ण तोंड झाकणारं, वारा आत घेणाऱ्या झडपांचं, काचेवर बाष्प धरू नये म्हणून आतून दुसरी पातळ काच असलेलं. महागातलं नव्हे, पण स्वस्तही नव्हे. बुटांसाठी ठेवलेल्या पैशांना हात लावावा लागला नाही, याचं मुलीला समाधान वाटलं. ते घरी पोहोचेपर्यंत टिकलं.

आईच्या कचेरीत एक रिवाज होता: नवं उपकरण कधीच थेट बाहेर लावायचं नाही. आधी कचेरीच्या अंगणात, माहितीतल्या जुन्या उपकरणाशेजारी ठेवून तपासायचं. पेटीवर काहीही छापलेलं असो. मुलगी याच रिवाजात वाढली होती. लहानपणी तिला ताप आला की आई दोन तापमापकांनी बघायची.

म्हणून रविवारी दुपारी न्हाणीघरात तपासणी सुरू झाली. जॅकेटमध्ये वर्तमानपत्रं कोंबली, वरून रेनकोट चढवला आणि खुंटीला टांगून त्यावर शॉवर सोडला. आई स्टुलावर बसून घड्याळ बघत होती. "वारा नाही," ती मधेच म्हणाली. "सरळ पाऊस कधी पडतो?" मग मुलीनं पंखा आणून दारात ठेवला. बाबांनी न बोलता मेन स्विचपाशी जाऊन उभं राहणं पसंत केलं. शेवटी वर्तमानपत्रं काढली तेव्हा ती कॉलरपाशी जराशी ओली होती, बाकी कोरडी. मायलेकींनी एकमेकींकडे पाहिलं. तपासणी जमली की माणसाला पुढची सुचते.

"हेल्मेट?" मुलगी म्हणाली.

"बघायला हवं," आई म्हणाली.

"आत डोक्याएवढं वजन लागेल."

"कुणाच्या?" बाबा स्वयंपाकघरातून म्हणाले. "तुझं भरलेलं आहे, तिचं कडक आहे. फरक पडेल."

साखरेची पिशवी बरोबर बसली. मुलीनं हेल्मेटचा पट्टा तिच्याभोवती आवळला. आई खाली अंगणात जाऊन उभी राहिली, कुणी मधे येऊ नये म्हणून. मुलीनं गॅलरीतून हात बाहेर काढला, क्षणभर थांबली आणि सोडलं.

दणका मोठा होता. हेल्मेट फरशीवर आदळून उडालं, कुंडीला लागलं आणि गोल फिरत थांबलं. शेजारच्या काकू खिडकीत आल्या. "कोण पडलं?"

"कोणी नाही, काकू. तपासतोय," आई म्हणाली.

"तुमच्या घरात कशालाच शांत बसू देत नाहीत बाई!"

पिशवी फुटली नव्हती. कवचावर एक ओरखडा, बाकी काही नाही. काच नीट उघडत-मिटत होती. आई इतकी खूश झाली की तिनं हेल्मेट तसंच डोक्यावर घातलं आणि अंगणातून घरापर्यंत ते घालूनच आली. मुलगीही खूश होती. मग ती खूश नव्हती. काय खुपतंय ते तिला कळेना. तिनं हात धुतले, खोलीभर फिरली, पुन्हा हात धुतले.

संध्याकाळी आई उद्याच्या शर्टाला इस्त्री करत होती तेव्हा मुलीनं हेल्मेट घेऊन आतलं कापड उचकटलं. कापडाखाली थर्मोकोलसारखा कडक पांढरा थर होता. कवचावर ओरखडा होता तिथे, आतल्या बाजूनं, तो थर दबलेला होता. तिचं बोट त्यात अलगद बसलं. बाजूला दाबलं तर कडक. तिथे दाबलं तर कुरकुर आवाज.

कॉलेजच्या प्रयोगशाळेत ते असेच ठोकळे यंत्राखाली दाबायचे. किती वजनाला चेपतो त्याची नोंद व्हायची आणि ठोकळा कचऱ्याच्या डब्यात जायचा. दबलेला थर पुन्हा फुगत नाही. धक्का खाणं हे त्याचं काम आणि ते काम तो एकदाच करतो. हे तिला माहीत होतं. त्यावर तिला मार्क मिळाले होते. आईच्या वाट्याचा धक्का त्यांनी साखरेवर खर्च केला होता.

तिला पहिल्यांदा जे वाटलं ते अपराधी वाटणं नव्हतं. आधी सुटल्यासारखं वाटलं. हेल्मेट नाही म्हणजे उद्या नाही. टेकडीचा रस्ता नाही, वळणावरचे ट्रक नाहीत, ओली खडी नाही.

"आई," ती म्हणाली. "उद्या जाऊ नकोस."

आईनं इस्त्री उभी केली. मुलीनं सगळं सांगितलं, थरावर आईचं बोट ठेवून. आईनं दाबलं, कुरकुर ऐकली आणि मान हलवली.

"गेलं हे," ती म्हणाली. "दोघींनाही कळलं नाही, कमाल आहे."

"साहेबांना सांग पुढच्या सोमवारी."

"साहेब पुढचा सोमवार मला नाही देणार, खालच्या मजल्यावरच्या पोराला देतील. त्याला पर्जन्यमापक आणि बादली यातला फरक कळत नाही." आईनं तिच्याकडे रोखून पाहिलं. "एक सांग. हेल्मेट गेलं म्हणून जाऊ नको म्हणतेस, की मी जायलाच नको होतं तुला?"

मुलगी हेल्मेटचं कापड पुन्हा जागेवर बसवू लागली. पाय मात्र हलत होता.

"चप्पल घाल," आई म्हणाली. "दुकान अजून उघडं असेल."

त्या जवळजवळ पळतच गेल्या. दुकानदार शटरला हात घालून उभा होता. "बदलून मिळणार नाही हं, ताई," तो हेल्मेट हातात न घेताच म्हणाला. तसलं, त्या मापाचं, आता उरलंच नव्हतं. आईच्या डोक्याला बसेल असं एकच होतं: साधं काळं, दोनच झडपा, काच एकेरी, बाष्प धरणार हे नक्की. बुटांच्या पैशात ते येत होतं. मागच्या बाजूला तोच सरकारी तपासणीचा शिक्का होता जो आपटलेल्यावर होता.

मुलीनं ते हातात घेऊन फिरवलं, आतला थर अंगठ्यानं चाचपला, पट्टा ओढला, पुन्हा ओढला. मग ठोकून बघायला बोटांची गाठ उगारली आणि आईनं तिच्या मनगटावर चापट मारली.

"दोन घेऊ," मुलगी म्हणाली. "एक आपटून बघू. म्हणजे दुसऱ्याबद्दल काहीतरी कळेल."

"दुसरं घ्यायला पैसे कुठले? आणि हे एकच आहे."

"मग हे चांगलं आहे हे कशावरून?"

"हा शिक्का कसा देतात?"

"प्रत्येक खेपेतली काही काढून फोडतात. ती टिकली तर बाकीच्यांवर शिक्का."

"म्हणजे याचा भाऊ कुणीतरी आधीच फोडलाय," आई म्हणाली. "तुझ्यापेक्षा नीट फोडला असेल. झालं तर मग."

"झालं कसं? तो याचा भाऊ होता, हे नव्हतं."

"शटर ओढू का?" दुकानदार म्हणाला.

आईनं हेल्मेट घातलं. मुलीनं ते दोन्ही हातांनी धरून हलवलं. आईचे गाल बरोबर सरकले. मुलीनं हात काढले नाहीत. काचेमागून आईचा आवाज बुजल्यासारखा आला, "सोड आता. मला पैसे द्यायचेत."

सोमवारी धुकं होतं. जॅकेटच्या कॉलरचा ओलेपणा बाबांनी इस्त्री फिरवून घालवला होता. बूट नव्हते म्हणून आईनं कचेरीचे गमबूट घातले. साहेब कचेरीच्या फाटकात हात मागे बांधून उभे होते. मुलगी भिंतीपाशी थांबली. आईनं काच खाली केली, ती लगेच धूसर झाली. आईनं ती बोटभर वर उचलली, तशीच ठेवली आणि निघाली. दुसऱ्या गियरला गाडी जरा अडखळली. मग आवाज सरळ झाला, आणि वळणापाशी लाल दिवा धुक्यात गेला.

"केंद्रापर्यंत जाऊन यायचंय नुसतं," साहेब म्हणाले. "अर्ध्या तासाचं काम."

अर्धा तास झाला. मुलगी फाटकापासून चहाच्या टपरीपर्यंत आणि टपरीपासून फाटकापर्यंत चालत होती. तिच्या डोक्यात फरशी होती, कुंडी होती, बोट बसेल एवढा खळगा होता. एक ट्रक उतरून गेला. तिनं त्याचा बंपर पाहिला. साहेबांनी घड्याळ पाहिलं, मग तिच्याकडे पाहिलं आणि तेही तिच्याबरोबर टपरीपर्यंत चालून आले, कारण नसताना.

मग आवाज आला. आई आली ती गमबुटांपासून गुडघ्यांपर्यंत चिखलात. हात काळे झालेले.

"मॅडम, एवढा वेळ?"

"पर्जन्यमापकाच्या तोंडात पानं अडकली होती. महिनाभर खोटा पाऊस कळवत होतं ते. साफ केलं."

"तुम्हाला फक्त चालवून दाखवायचं होतं."

"एवढं चढून गेले, तर काय हात हलवत परत येऊ?"

साहेबांनी तिच्या चिखलानं भरलेल्या गमबुटांकडे पाहिलं. "तलावाकाठचंही बघायला हवं मग," ते म्हणाले. "उद्या जाल?"

"आज जाते की. गाडी गरम आहे."

साहेब किल्ल्यांची नोंद करायला आत गेले. आईनं हेल्मेट काढलं. केस घामानं चिकटले होते, डाव्या कानाची पाळी लाल झाली होती.

"दुखतोय?" मुलगी म्हणाली. "सैल आहे का? घट्ट आहे? आत सरकतंय का?"

"कान दुमडला होता घालताना. तू हलवून बघितलं नाहीस ना."

मुलीनं हेल्मेट तिच्या हातातून घेतलं, तिच्या डोक्यावर बेतानं चढवलं, आत बोट घालून कान सरळ केला आणि पट्टा लावला. मग दोन्ही हातांनी धरून डावी-उजवीकडे हलवलं.

"बस झालं," आई म्हणाली, आणि तिनं गाडीला किक मारली.