करंज तोडला, अळू ठेवलं

मी एक जुना, खाजरा अळवाचा गड्डा आहे. नाक मुरडलंत? मुरडा, मित्रांनो, खुशाल मुरडा. मला नाक असतं, तर तुमच्याकडे बघून मीही मुरडलं असतं.

गडबमध्ये, हायवेपासून जरा आत, गिरजाबाईचं घर आहे. त्या घराच्या मोरीचं पाणी अंगणात जिथं सुटतं, तिथं माझा वाफा. खरकटं, साबणाचा फेस, सकाळच्या चुळा, सगळं माझ्या डोक्यावर. शी! टेम्पोवाला निलेश तर गुटख्याची पिचकारी नेमकी माझ्या पानावर मारतो आणि पान लाल झालं की हसतो. आणि हीच माणसं अळूवडी खाताना बोटं चाटतात. धुतात म्हणे पानं. धुतात कसली!

मला इथं लावलं गिरजाबाईच्या नवऱ्यानं, गोविंदानं. तो गणपतीच्या मूर्ती करायचा. अंगणातल्या शेडमध्ये त्याचा कारखाना होता. आता गोविंदा नाही, कारखाना त्याचा मुलगा नितेश चालवतो. नितेश साच्यातल्या प्लॅस्टरच्या मूर्ती काढतो, शे-दीडशे. शाडूच्या मात्र दोनच. एक घरची आणि एक काळुरामची.

काळुराम खाडीकडचा, मिठागरावर राबणारा. या घरचा जुना नेम असा, की ज्याला शाडूची मूर्ती हवी त्यानं आपल्या घरचा पाट दिवाळीच्या पाडव्याला आणून द्यायचा आणि त्याच पाटावर त्याची मूर्ती घडवायची. आता असा पाट आणणारा काळुराम एकटाच उरला होता.

माझ्या वाफ्याच्या समोर, मोरीपलीकडे, करंज होता. होता म्हणतोय मी. केवढा थोरला! भर वैशाखात त्याच्याखाली गार काळोखी असायची. त्याच्या बुंध्याशी एक सपाट दगड होता. शाडूची ओली मूर्ती गोविंदा त्या दगडावर ठेवायचा. शाडूला ऊन सोसत नाही, मित्रांनो. ती सावलीत, वाऱ्यावर, सावकाश वाळली पाहिजे. नाहीतर तडकते. ते वाळवण्याचं काम करंज करायचा, पण त्याला कधी कुणी शाबास म्हटलेलं मी ऐकलं नाही. त्याचं फळ कडू, तेल कडू. घरात कुणाला खरूज झाली, की तेवढ्यापुरती त्याच्या तेलाची आठवण.

आणि माझा केवढा थाट! ऋषीपंचमीच्या भाजीत मी. लग्नाच्या पंगतीत फदफदं माझं. शेजारीपाजारी ‘दोन पानं द्या गो’ म्हणत दारात. मला चढली होती. ऊन करंज खायचा, तुकतुकी माझ्या पानांवर दिसायची आणि मला वाटायचं, हे सगळं माझंच कर्तृत्व. आता स्वतःचीच किळस येते.

मागच्या माघात नितेशनं ठरवलं, की टेम्पो थेट शेडपर्यंत आला पाहिजे. वाटा दोनच. एका बाजूनं माझा वाफा बुजवायचा, नाहीतर दुसऱ्या बाजूनं करंज तोडायचा. ओट्यावर चहा पिता पिता बोलणं झालं.

“करंजच काढू,” नितेश म्हणाला. “अंगणभर पालापाचोळा नुसता. अळू निदान पोटात जातं. सावली काय भातासंगं खायची?”

“आणि ऋषीपंचमीला अळू लागतंच,” त्याची बायको सुरभी म्हणाली. “बाजारातलं कुठल्या पाण्यावरचं कुणाला ठाऊक!”

कुठल्या पाण्यावरचं! अगं बाई, तुझ्या मोरीत डोकावून बघ एकदा.

गिरजाबाई सुपारी कातरत होती. तिनं अडकित्ता खाली ठेवला. “अरे, गड्ड्याला काय, आज उपटून मागल्या दारी खुपसलास तरी पावसात फुटंल. करंज उपटून कुठं लावशील? तुझ्या बापाच्या आधीचा हाय तो.”

“बरं आये, बघू,” नितेश म्हणाला.

या ‘बघू’ची मला शिसारी आहे. आठ दिवसांनी गिरजाबाई लेकीकडे, निडीला गेली. गाडी नागोठण्याच्या पुढे गेली नसेल, तोवर कटरवाला दारात हजर. दुपारपर्यंत करंज आडवा. लाकूड वीटभट्टीवाल्यानं नेलं. त्या घरघराटात मला काय वाटलं सांगू? बरं वाटलं. निवड माझी झाली होती ना! थू माझ्या जिंदगानीवर.

गिरजाबाई परत आली, रिकामी जागा बघितली आणि चप्पल काढायचीही विसरून ओट्यावर बसली.

फाल्गुनापासून माझे हाल सुरू झाले. पानं कडेनं करपली. जी आली ती तळहाताएवढी, जाड आणि विळीवर धरवणार नाहीत इतकी खाजरी. सुरभीनं एकदा भाजी केली आणि सगळं घर घसा खरवडत बसलं. “हे अळू बिघडलं,” ती म्हणाली. मी बिघडलो! घ्या!

पण माझं काही मोठं नाही, मी मेलो तरी फुटणारा. खरा घात वैशाखात झाला. काळुरामची मूर्ती नितेशनं पाटावर घडवली, ओलीच होती. घरची मूर्ती गिरजाबाईनं स्वतः मागच्या पडवीत नेऊन ठेवली होती. नितेशनं काळुरामची उचलली आणि सवयीप्रमाणे दगडावर ठेवली, बाप ठेवायचा तिथंच. वरती बघितलंसुद्धा नाही. हात झटकले आणि रंग आणायला पेणला गेला.

वर काय होतं? नुसतं आभाळ. दुपारी ऊन असं तापलं, की दगडाची धग मला इथं लागत होती. मी बघत होतो. आधी मातीचा रंग पांढुरका झाला. मग खांद्यापाशी बारीकसा आवाज आला आणि चीर पोटापर्यंत उतरली.

नितेश आला, त्यानं बघितलं, कपाळाला हात लावला. पुन्हा घडवायला दिवस होते, मित्रांनो. चांगले तीन महिने होते! पण त्यानं इकडंतिकडं बघितलं, प्लॅस्टर कालवलं, चीर बुजवली, पॉलिश पेपर मारला. वरून रंग. आणि प्लॅस्टरची बादली विसळून ओतली कुठं? माझ्यावर. तो पांढरा चिखल पानांवर वाळला. इतक्या वर्षांत इतकं घाण पाणी माझ्या अंगावर कधी पडलं नव्हतं.

हरतालिकेच्या दिवशी काळुराम मिनीडोर रिक्षानं आला. दरवर्षी तो आधी करंजाखाली टेकायचा, पाणी प्यायचा, मग मूर्ती बघायचा. आला तो अंगणाच्या मधोमध उभाच राहिला.

“वयनी, झाड कुठं गेला?”

“तोडला,” गिरजाबाई म्हणाली.

“आमच्या मिठागरावर डोकं टेकवायला सावली नाय. वर्षाचा एकदा हितं बसायचो,” एवढंच बोलून तो उन्हातल्या दगडावर बसला.

शेडच्या तोंडाशी गिरजाबाई मूर्तीपुढं विडा ठेवायला वाकली, आणि वाकलेलीच राहिली. खांद्याखाली रंगावर केसाएवढी रेघ उमटली होती. पावसाच्या दमटपणानं प्लॅस्टर सुटलं होतं. तिनं नख लावलं. टवका हातात आला.

“नितेश, हे काय?”

“आये, हळू बोल,” तो मोरीपाशी येऊन कुजबुजला. “वैशाखात तडकली. त्याला कुठं दिसतंय? दीड दिवसाचा तर गणपती त्याचा.”

“शी!” गिरजाबाईच्या तोंडून आलं. जन्मभर मी हा शब्द माझ्या वाट्याचा समजत होतो. “अरे, भंगलेली मूर्ती त्याच्या पाटावर बसवतोस? तो पाडव्याला पाट ठेवून गेला, ते कुणाच्या भरवशावर? तुझ्या बापानं असली मूर्ती दिली असती का रे?”



गिरजाबाई काळुरामसमोर गेली. “काळुराम, तुझी मूर्ती तडकली. आमच्याच हातनं. ती देत नाय तुला. घरची ने, ती चांगली हाय.”

काळुराम ताडकन उठला. “नाय नाय, वयनी! मंग तुमच्या घरी काय?”

“आमी सुपारी मांडू.”

तिनं पडवीतली मूर्ती आणवली आणि स्वतः काळुरामच्या पाटावर ठेवली. काळुरामनं मूर्तीवर रुमाल झाकला, हात जोडले, आणि तिला मांडीवर घेऊन मिनीडोरमध्ये बसला.

दुसऱ्या दिवशी चतुर्थी. ज्या घरातून सगळ्या गावाला गणपती गेले, त्या घरी आरास होती, पताका होत्या, समया होत्या आणि पाटावर तांदळाच्या राशीवर एक सुपारी. पूजेला नितेश बसला होता. संध्याकाळी शेजारची रंभा दर्शनाला आली. ती दारातच थबकली.

“अगो बाई! नितेश, मूर्ती कुठाय तुझी?”

सुरभी काहीतरी सांगायला पुढं झाली. नितेशनं तिला हातानं थांबवलं.

“काळुरामला दिली. त्याची मी तडकवली,” तो म्हणाला. “करंज तोडला, आणि मूर्ती त्याच्याच सावलीत ठेवायला गेलो.”

खिडकीखालून मी ऐकलं. त्या दिवशी जो जो आला, त्याला नितेशनं हेच सांगितलं, एकदाही शब्द न बदलता.

मित्रांनो, ‘झाडं जगवा’ असं मी म्हणणार नाही. ते तुम्ही भिंतींवर रंगवता आणि त्याच भिंतीवर थुंकता. माझं एवढंच मागणं आहे. एखादं झाड नकोसं झालं, तर करवतवाल्याला बोलावण्याआधी वैशाखात भर बाराला त्याच्या सावलीतून दोन पावलं बाहेर या आणि तासभर उन्हात उभे राहा. अनवाणी. मग ठरवा.