प्रिंटची तिहाई

माझा नवरा कॉम्प्युटरला 'कृपया' म्हणायला लागला, तेव्हाच मी ओळखलं, ह्यांची वाट लागणार.

नवरा म्हणजे सहदेव परब. घाटकोपरच्या एका छापखान्यात कॉम्प्युटरवर पुस्तकांची पानं लावतात. आणि कांजूरमार्गला आमच्या भजन मंडळात पखवाज वाजवतात. वाजवायचे. गणपतीच्या आधी मानेतली नस दाबली गेली, ऑपरेशन झालं, मान वाचली, पण दोन्ही हातांची बोटं काही धड उघडेनात. चहाचा कप दोन तळव्यांत धरतात, माऊस तर लांबच. मंडळाने दुसरा पखवाजवाला बघितला. त्यांची चूक नाही, भजन काय कोणासाठी थांबतं? पण मला राग आला तो आलाच. ह्यांनी पखवाजावर जुनी चादर टाकली आणि मला तो कपाटामागे सरकवायला लावला.

छापखान्याचे मालक नंदकिशोरशेट. माणूस वाईट नाही. म्हणाले, "सहदेव, हल्ली आवाजावर कॉम्प्युटर चालतो म्हणे. शिकून या. सोमवारी माझ्यासमोर शाळेच्या अंकाची पानं लावून दाखवा. जमलं तर खुर्ची तुमचीच. नाही जमलं तर मला दुसरा माणूस बसवावा लागेल." सरळ बोलले ते बरं केलं. पण पखवाज गेल्यावर ह्यांच्याकडे ती खुर्ची तेवढी उरली होती. तीही गेली तर हा माणूस भिंतीकडे तोंड करून बसणार, हे मला दिसत होतं. भीती वाटत होती मला, खोटं कशाला बोलू.

आमची रुचिरा अंधेरीला कंपनीत आहे, कॉम्प्युटरचंच काम करते. तिने एक सॉफ्टवेअर टाकून दिलं. कुठलाही आवाज त्याला चारपाच वेळा म्हणून शिकवायचा आणि त्या आवाजाला एकेक काम नेमून द्यायचं. ह्यांनी काय शिकवलं? "कृपया पुढच्या ओळीवर जा." "कृपया हा मथळा मधोमध घे."

मी किचनमधून ओरडले, "अहो, बँकेत अर्ज देताय का?"

मशीन वाक्य संपायची वाट बघायचं, मग विचार करायचं, मग हलायचं. तोवर हे पुढचं वाक्य बोलून मोकळे. दुपारपर्यंत घसा बसला आणि पान अर्धंही लागलं नव्हतं.

रुचिरा वैतागली. "पप्पा, कमांड छोटी पाहिजे. तोंडातून पटकन सुटली पाहिजे. एकीसारखी दुसरी वाटता कामा नये. आणि रोजच्या बोलण्यातली तर नकोच, नाहीतर आई कुणाला 'जा' म्हणाली की तुमचं पान जाईल. एकामागे एक, जोडून, न थांबता म्हणता आल्या पाहिजेत. असे शब्द शोधा."

मी बांगडे साफ करत होते. सहज तोंडातून निघालं, "मग पखवाजाचे बोल घ्या की."

ह्यांनी खुर्ची मागे सरकवली.

"तेचा नाव काढू नको," हे म्हणाले. हे मालवणीत शिरले म्हणजे राग खरा असतो.

"का नको? हात गेले ना? तोंड तर शाबूत आहे!"

बोलून गेले आणि माझंच मला वाईट वाटलं. पण मागे हटले नाही. हात धुतले, खुर्ची ओढली आणि माईकसमोर मीच बसले. इतकी वर्षं ऐकलंय, येईल तेवढं येईल. "धूमकट," मी म्हटलं. "तिरकट. गदागद."

ह्यांनी पाठ फिरवली होती. खांदे मात्र हलत होते, खाज सुटल्यासारखे. मी आणखी जोरात म्हटलं, "गदागद!"

"गदिगन गो! गदागद काय? पोती टाकतंस काय?"

"मग तुम्हीच म्हणा ना."

हे आले. मला उठवून बसले. पहिला धा अर्धाच निघाला. दुसऱ्यांदा पुरा निघाला तेव्हा डोळे भरले होते. मी बघितलं न बघितलं केलं आणि बांगड्यांकडे गेले. रुचिरा नुसती बटणं दाबत राहिली.

मग मात्र माणूस जेवायलाही उठेना. तकिट म्हटलं की पुढची ओळ. दीं म्हटलं की मधोमध. धागे म्हणजे अक्षर ठळक. लावताना मजा वाटली, पण एक घोळ झाला. ह्यांना विचार करताना तोंडातल्या तोंडात बोल म्हणायची खोड आहे, आणि ह्यांनी खोडायचं काम दिलं होतं धा ला. फोटो कुठे बसवायचा म्हणून विचार करत बसले आणि तोंडाने चालू, धा धा धा. लावलेलं अख्खं पान साफ! मी कपाळावर हात मारला. रुचिराने ते परत आणलं, म्हणून निभावलं.

"धा सगळ्यात जास्त येतो," हे म्हणाले. "त्याला निरुपद्रवी काम दे." म्हणून धा झाला सेव्ह. कितीदाही म्हणा, नुकसान नाही. खोडायला घेतला क्रधान, तो मनात आणल्याशिवाय तोंडातून निघत नाही. आणि सगळं झालं की प्रिंट, त्याला शेवटचा तुकडा, तिटकत गदिगन धा.

सोमवारी मी बरोबर गेले. डब्याचं झाकण कोण उघडणार? शेट मागे उभे. तिथली श्रुतिका आणि प्रीतम, दोघं खुर्च्या फिरवून बघत बसलेले. आणि हे काय करतायत? कुजबुजतायत! चार माणसांत बोल म्हणायची लाज वाटली. मशीनला काही ऐकू जाईना, पान जागचं हलेना. शेटनी घड्याळ बघितलं.

माझं डोकंच फिरलं. "अहो, डबलबारीच्या सामन्यात बोल म्हणून समोरच्या मंडळाला गार करायचात, तो आवाज काय घरी ठेवून आलात?"

श्रुतिका फिस्सकन हसली. ह्यांनी माझ्याकडे असं बघितलं की घरी गेल्यावर माझं काही खरं नाही. पण पाठ ताठ झाली. मग जे सुटले! तकिट तकिट दीं, तकिट धागे, तकिट तकिट धा. ओळी धडाधड खाली उतरायला लागल्या, मथळे जागेवर बसले, फोटो चौकटीत गेले. प्रीतम पेनाने टेबलावर ठेका धरून बसला होता, त्याला कोणी सांगितलं नव्हतं. जेवणाच्या सुट्टीआधी शेवटचं पान आलं.

"तिटकत गदिगन धा," हे म्हणाले.

प्रिंटर सुरू झाला. ह्यांचं लक्षच नव्हतं. डोळे मिटून परत, "तिटकत गदिगन धा." आणि तिसऱ्यांदा, त्याहून खणखणीत, आणि तिसऱ्या धा ला हात थाडकन मांडीवर पडला. ऑपरेशननंतर तो हात मी पहिल्यांदा तसा पडलेला बघितला.

प्रिंटर थांबेना. एक अंक झाला, दुसरा झाला, तिसरा यायला लागला.

"अहो परब, तीन-तीन कशाला?" शेट ओरडले.

ह्यांनी डोळे उघडले, प्रिंटरकडे बघितलं, मग माझ्याकडे. "शेट, तिहाई आहे. तीनदा म्हणायचीच असते. एकदा म्हणून सोडता येत नाही."

शेटनी पहिला अंक उचलला, एकेक पान उलटून बघितलं. चूक सापडली नाही. "उद्यापासून या," ते म्हणाले. "पण ह्या तिहाईचं काहीतरी करा बुवा, कागद पुरायचा नाही."

संध्याकाळी रुचिरा म्हणाली, "सोपं आहे पप्पा. प्रिंटला एक छोटासा बोल देऊ."

"नको. तीनदा पुरी म्हटल्याशिवाय प्रिंट निघायची नाही, असं कर."

"पप्पा, ही सगळ्यात लांब कमांड होईल. सगळी मेहनत केली ती वेळ वाचवायला ना?"

"बाकीच्यात वाचव. एवढं तरी पुरं वाजू दे माझं."

रुचिराने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "कर गं, सांगतात तसं."

पखवाजावरची चादर अजून निघालेली नाही. मीही विषय काढत नाही. परवा डॉक्टरकडे गेलो, तर डॉक्टर उजवा हात उघडून बघत बसले. दोन बोटं सरळ व्हायला लागली होती. म्हणाले, "सांगितलेला व्यायाम करता वाटतं रोज?"

ह्यांनी हात सोडवून मांडीवर ठेवला. मीच म्हटलं, "व्यायाम कसला डॉक्टर, रोज प्रिंट काढतात."